तीन दातांची जागा

१२ फेब्रुवारी

सर्जनबाईंनी एक छापील कागद दिलाय. ऑपरेशनच्या आधीपासून त्यावर रोज लिहायचं: काय खाल्लं, किती दुखलं, रक्त आलं का. एका दिवसाला चार रेघा. माझं चार रेघांत कधी काही मावलेलं नाही, म्हणून कागद बाजूला ठेवून ही वही काढली.

तर झालं असं. मागच्या आठवड्यात डॉक्टर माझ्या खोलीत आले. माझी खोली म्हणजे दवाखान्याची मागची बाजू: एक टेबल, एक भट्टी, मेणाच्या कांड्या, दातांच्या रंगछटांच्या पट्ट्या आणि भिंतभर खोक्यांत लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. डॉक्टर पुढे लोकांच्या तोंडात हात घालतात, मी मागे बसून त्यांचे दात बनवते. पंचवीस वर्षं हेच चाललंय. या भागातले निम्मे लोक माझे दात दाखवून हसतात आणि रस्त्यात मला ओळखत नाहीत. ओळखू नयेच. दात बनवणारीचं नाव निघालं म्हणजे दात खोटा दिसला असं समजायचं.

डॉक्टर म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षं झाली. आता जरा तुमच्या तोंडाकडे बघू. पक्के दात बसवू. माझ्याकडून भेट."

 तिशीत जिन्यावरून पडले तेव्हा वरचे पुढचे तीन दात गेले. तेव्हापासून मी स्वतःच केलेली काढघालीची प्लेट वापरते. आजवर कुणाला कळलेलं नाही, डॉक्टर आणि बिट्टीला सोडून. मी म्हटलं, "चला, सोनारानेच कान टोचलेले बरे." डॉक्टर हसले, पण लगेच खोक्यांकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "किती साचे असतील हो हे?" मी म्हटलं, मोजले नाहीत, पण टाकलाही एक नाही.

आज सर्जनबाईंनी पडद्यावर माझा जबडा दाखवला. दर पंधरवड्याला येतात त्या, अवघड कामं करायला. बोलणं अगदी तुटक. "दात गेला की हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड विरत जातं. तुमचं इथं कागदाएवढं राहिलंय. कागदात खिळा ठोकता येत नाही." मग उपाय सांगितला. खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा तुकडा काढायचा, वर पुढे दोन बारीक स्क्रूंनी बसवायचा, आजूबाजूच्या फटीत जनावराच्या हाडाची शुद्ध केलेली पूड भरायची. सहा महिन्यांत ते धरतं. मग त्यात धातूच्या खुंट्या, मग त्यांवर दात.

मी म्हटलं, "म्हणजे आता रवंथ करायचीही सोय झाली."

सर्जनबाई हसल्या नाहीत. बिट्टी मात्र तोंडावर हात धरून खिदळली.

बिट्टी माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, आता अठ्ठावीसची आहे, आणि डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी मदतनीस म्हणून उभी असते. ती नोकरी मीच लावून दिली. माझ्या टेबलाशी मात्र तिला आणली नाही, कारण हाताला वळण नाही. चौदाव्या वर्षी हौसेनं मेणाचा दात केला होता तिनं. मी तो आल्यागेल्याला दाखवायचे, "बघा, दात आहे की बटाटा?" अजूनही त्यावरून आम्ही हसतो.

२४ फेब्रुवारी

ऑपरेशनला पाच दिवस. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही काही दिवस नसणार. तुमच्या छटांचं जरा लिहून ठेवाल का? काम अडायला नको." मी म्हटलं, वही आहे, पण माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. बिट्टी पटकन म्हणाली, "मी लिहून घेते मावशी. तू नुसतं सांग."

आज संध्याकाळी तासभर सांगत बसले. कडेच्या निळसरपणाला कुठली पावडर, किती पाणी, ब्रश कितीदा झटकायचा. म्हाताऱ्या माणसाच्या दाताला पिवळं नको, तपकिरी हवं, आणि एक बारीक चीर. बिट्टी सगळं उतरवत होती. मधेच "म्हणजे किती? मिलिमीटरमध्ये सांग ना," असं विचारायची. मी म्हटलं, "बोटाला कळतं तेवढं." ती हिरमुसली. पण मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं.

१ मार्च

झालं एकदाचं. दुखलं काहीच नाही, पण ऐकू सगळं येतं. स्वतःच्या डोक्यात कुणी छिन्नी चालवतंय असं ऐकणं काही सुखाचं नाही. मी माझं लक्ष त्यांच्या हत्यारांवर ठेवलं. सर्जनबाईंचा हात झकास आहे. एक फटका फुकट नाही. तुकडा निघाल्यावर त्यांनी तो मला चिमट्यात धरून दाखवला. एवढासा, ओला, गुलाबीसर पांढरा. पंचवीस वर्षं मी त्या रंगाच्या मागे लागले आहे, आणि तो माझ्याच जबड्यात मागच्या बाजूला पडून होता.

खुर्चीतून उठले तेव्हा बिट्टीनं माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टर म्हणाले, "ताई, वाघीण आहात."

४ मार्च

आरशातली बाई मी नाही. डावा गाल भोपळा झालाय, ओठ वर चढलाय, हनुवटीपर्यंत निळं-पिवळं. प्लेट घालायची नाही, त्यामुळे पुढे खिंडार. 'स' म्हणायला गेलं की शिट्टी वाजते. बिट्टी कोमट पातळ खाणं चमच्यानं भरवते आणि मध्ये मध्ये विचारते, "मावशी, सुळ्याचा तो पुढचा फुगवटा तू कुठून सुरू करतेस?" मी बोटानं तिच्या तळहातावर काढून दाखवते. बोलता येत नाही तर नाही, शिकवणं थांबलेलं नाही.

११ मार्च

टाके काढले. सर्जनबाईंना दुसरीकडे जायचं होतं. टाके काढून, "छान भरतंय," एवढंच म्हणून त्या निघाल्या. दारात डॉक्टरांशी काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. मग डॉक्टर आत आले आणि खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. म्हणाले, "ताई, आता खरी परीक्षा. सहा महिने पुढे काही घालायचं नाही. दाब पडला, तुकडा हलला, की सगळं मुसळ केरात. आणि तुमच्या खोलीतली ती बारीक धूळ तर अजिबात नको. घरी राहा."

सहा महिने! मी म्हटलं, एक हलकी प्लेट करते ना, हिरडीला न टेकणारी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मागच्या वर्षी त्या शिक्षिकाबाईंचं हाड भरलं होतं, त्यांना तिसऱ्या आठवड्यात मीच करून दिली होती.

"त्यांची केस वेगळी," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यावर मी धोका पत्करणार नाही."

बिट्टी तेव्हा हत्यारं धूत होती. बराच वेळ धूत होती.

खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरंच वाटलं. आपल्यासाठी कुणी एवढं जपतंय. आणि या अवतारात दवाखान्यात जायचं तरी कसं? दात बनवणारी बाई पुढून बोडकी. लोक म्हणतील, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

२ एप्रिल

घरात बसून माणूस किती वेळा कपाट आवरणार? बाहेर गेले तर तोंडाला रुमाल. भाजीवाल्यानं विचारलं, सर्दी झाली का? मी मान हलवली. 'सर्दी' म्हणायला गेले असते तर शिट्टीच वाजली असती.

बिट्टी उशिरा येते. दवाखान्यात काम फार आहे म्हणते. दात सध्या बाहेरून करून घेतात, असं सांगितलं तिनं. मी विचारलं, कसे असतात? म्हणाली, "बरे असतात." मला मनातून आनंद झाला. बरे म्हणजे माझ्यासारखे नाहीत.

आणखी एक चांगली गोष्ट. डॉक्टर माझी खोली रंगवून घेतायत. दहा वर्षं मागे लागले होते मी. साच्यांची सगळी खोकी बाहेर काढलीत. बिट्टी म्हणाली, "एकेका साच्याचे फोटो काढून ठेवतेय मावशी, हरवायला नकोत." एवढ्या साच्यांचे! मी म्हटलं, वेडी आहेस, पण गुणाची आहेस.

२७ एप्रिल

आज जे घडलं ते आधी लिहून टाकते.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहते. जिन्यात भेटली, म्हणाली, "ताई, बघा ना, मागच्या आठवड्यात तुमच्याकडचा दात बसवला." आणि ओठ वर करून दाखवला. वरचा उजवा सुळा. मी तिला खिडकीपाशी उजेडात नेलं. तो माझा सुळा होता. माझा म्हणजे, मी केलेला नाही, पण माझाच. तो पुढचा फुगवटा, टोकाजवळची किंचित वळलेली कड, जी मी मुद्दाम ठेवते. असं दुसरं कुणी करत नाही.

मला एकच उत्तर सुचतंय. बिट्टीनं केला. माझ्या पाठीमागे बसून शिकली, मला चकित करायचं म्हणून बोलली नाही. दीड महिन्यात! आणि मी जिला बटाटा म्हणत होते! बाई खाली गेल्यावर मी जिन्यातच बसून रडले. हिरडीपाशी काठ जरा बोथट आहे, सगळीकडे एकसारखा, ते तेवढं सांगायला हवं.

रात्री तिला म्हटलं, "मला कळलंय हं सगळं." तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, "सुळा बघितला. शाब्बास." ती उठून आत गेली. लाजली. कौतुकाची सवय नाही पोरीला. चूक माझीच.

१९ मे

डॉक्टर घरी आले, फळांची टोपली घेऊन. फळं चावायची कशानं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मी म्हटलं, अडीच महिने झाले, आता खोलीत नुसती येऊन बसते, बिट्टीला मार्गदर्शन करते. ते टोपलीचा कागद सरळ करत म्हणाले, "ताई, आता आराम करायची सवय लावून घ्या. तुम्ही काय कमी केलंय?"

आराम या शब्दाची मला चीड आहे. पण एवढा मोठा माणूस घरी येतो, चौकशी करतो.

बिट्टी चार दिवस परगावी गेली होती, कसल्याशा प्रशिक्षणाला. कसलं, विचारलं तर म्हणाली, "साफसफाईचं, निर्जंतुकीकरणाचं." चार दिवस साफसफाई!

२० जून

औषधांच्या दुकानात सर्जनबाई भेटल्या. मी रुमालाआडून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "रुमाल कशाला? प्लेट मोडली का?"

मी म्हटलं, "प्लेट नाही घातली. सहा महिने घालायची नाही ना."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. तुम्हीच त्यांना दारात सांगितलंत ना."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, तीन आठवड्यांनी हलकी प्लेट आणि रोजचं काम. मास्क लावून. लिहूनही दिलं होतं. मध्ये एका खेपेला तुम्ही दिसला नाहीत म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, ताई निवृत्त झाल्या. स्वखुशीनं." पुढे म्हणाल्या, "मी म्हटलं, बरं झालं, मशीन आलंच आहे."

मी विचारलं नाही कसलं मशीन. औषध घेतलं, घरी आले. मागचं सगळं पुन्हा वाचून काढलं, बारा फेब्रुवारीपासून. पानापानावर लिहिलेलं आहे. माझ्याच हातानं लिहिलंय आणि मला वाचता आलं नाही.

२१ जून

सकाळी रुमाल न लावता दवाखान्यात गेले. येऊ दे शिट्टी.

खोली खरंच रंगवलीय. पांढरीशुभ्र. माझं टेबल नाही, भट्टी नाही. मधोमध काचेच्या दाराचं, फ्रिजएवढं यंत्र. आत पांढऱ्या वडीवर पाणी उडत होतं आणि दोन सुया मिळून दाढ कोरत होत्या. समोर पडद्यापाशी बिट्टी, अंगात पांढरा कोट. पडद्यावर एक सुळा हवेत गोल फिरत होता. बाजूला यादी: ताई १, ताई २, ताई ३. खाली कितीतरी.

एक क्षणभर मला अभिमान वाटला. इतके माझे दात, इतके सुंदर, सगळ्या बाजूंनी दिसतायत. तो क्षण मला अजून माफ करता येत नाही.

"साचे कुठायत?" मी विचारलं.

"मागे, पोत्यांत," बिट्टी म्हणाली. "सगळे स्कॅन झाले. मावशी, बस ना. मी सांगणार होते."

"कधी? माझे दात पडल्यावर? ते तर आधीच पडलेत."

ती रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, मशीन आल्यावर दोघींपैकी एकच लागेल. तू छपन्नची झालीस. मी काय करायचं होतं? जन्मभर हत्यारं धुवायची? तू मला त्या टेबलाशी कधी बसू दिलंस? एकदा तरी? सगळ्यांना तो बटाटा दाखवत फिरलीस. अजून दाखवतेस. मी हसते म्हणून तुला वाटतं मला गंमत वाटते."

मी म्हटलं, "मी तुला भरवलं, शिकवलं."

"भरवलंस. शिकवलंस ते ऑपरेशनच्या वेळी, आणि तेसुद्धा काम अडेल म्हणून."

मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही, पण हात उचलला होता, ते तिनं पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. दार लावून घेतलं. "ताई, मी तुमचं बरं व्हायची वाट बघत होतो. एकदम धक्का नको म्हणून."

"मी बरी मार्चमध्येच झाले होते, डॉक्टर."

"जग बदललंय हो. सगळीकडे हेच आहे. मला राहायचंय ना धंद्यात?"

"मग तोंडावर सांगायचं. मी काय तुमचा हात धरला असता? पंचवीस वर्षं तुमच्या मापातल्या चुका माझ्या टेबलावर झाकल्या मी. एकदाही पेशंटला कळू दिलं नाही." मग जे विचारायला गेले होते ते विचारलं. "मला एवढंच सांगा. आधी काय ठरलं, माझी भेट की हे मशीन?"

ते चष्मा पुसायला लागले. उत्तर बिट्टीनं दिलं, पडद्याकडे बघत. "मशीन जानेवारीत मागवलं होतं."

भेट फेब्रुवारीत. म्हणजे माझं हाड कापून माझंच तोंड बंद केलं. आणि मी वाघीण!

बाहेर पडताना मागच्या अंगणात गेले. पोती उघडीच होती. बरेच साचे फुटलेले. एक उचलला, कुणाचा तरी खालचा जबडा, आणि परत ठेवला. नेऊन काय करणार?

२३ जून

बिट्टी दोन पिशव्या घेऊन गेली. दवाखान्याजवळ खोली बघितलीय म्हणे. दारात थांबली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हटलं, "जा." तिनं विचारलं, "मऊ खाणं कोण करून देणार?" मी म्हटलं, "माझे हात शाबूत आहेत. तेवढे नाही स्कॅन झाले."

गेली. एकोणीस वर्षांत घर इतकं शांत नव्हतं. मला तिचा राग येतो, आणि जेवायची वेळ झाली की दोन ताटल्या काढते. मग त्या रागाचा राग येतो.

१५ जुलै

हलकी प्लेट केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुनी हत्यारं उकरून काढून. अर्धा दिवस लागेल म्हटलं होतं, चार तास लागले. तोंडात घातली आणि आरशासमोर "सासू, सासरे, सुसरबाई" असं दहा वेळा म्हटलं. एकदाही शिट्टी नाही. तेव्हा मार्चमध्येच केली असती तर आज कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. मशीन तर आलंच असतं. पण मी तिथं उभी राहिले असते आणि त्यांना माझ्या डोळ्यांदेखत ते खोलीत आणावं लागलं असतं.

३० ऑगस्ट

खुंट्या बसल्या. सर्जनबाईंनी आपल्या स्वतःच्या दवाखान्यात बोलावलं होतं. नको म्हणणार होते. डॉक्टरांनी दिलेल्या त्या भेटीतलं काही नको. त्या म्हणाल्या, "हाडाला भेटीचं काही माहीत नसतं. ते धरलंय. आता काम दिलं नाही तर परत विरेल." हाड माझं आहे. ते का विरू द्यायचं? खुर्चीत बसले. दोन खुंट्या, त्यावर पुढे तीन दात येतील. ड्रिलचा आवाज या वेळी भरीव होता, लाकडात शिरावं तसा. सर्जनबाई पहिल्यांदाच हसल्या.

निघताना म्हणाल्या, "दात मात्र तुमच्या जुन्या जागेहूनच येतील. आता माझे सगळे तिथूनच येतात. दुसरीकडे सांगू का?"

मी म्हटलं, "येऊ देत तिथूनच." मला बघायचं होतं तिनं काय केलंय. दुसरं काही कारण नाही.

१८ डिसेंबर

हे आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी ते वेगळं करून लिहीन.

दात घेऊन बिट्टी स्वतः आली होती. सहा महिन्यांनी पाहिलं तिला. वाळलीय. "मावशी," एवढंच म्हणाली. डबीतून तीन दात काढून सर्जनबाईंच्या हातात दिले. मी हात पुढे केला तर सर्जनबाईंनी आधी मलाच बघू दिले. माझे तरुणपणीचे दात होते. तिनं माझा जुना फोटो लावून केले असणार. मधल्या दोघांत अगदी किंचित फट, जी मी स्वतःच्या प्लेटमध्येही ठेवली नव्हती, लाजून. हिरडीपाशी काठ धारदार, हातानं घासलेला. पाठीमागची बाजूही हातानं गुळगुळीत केलेली. मशीनचं काम झाल्यावर आणखी कितीतरी तास बसली असेल ती. काम उत्तम होतं. मी केलं असतं त्याहून बरं होतं, हे आज इथं लिहिते, तिला बोलले नाही.

सर्जनबाईंनी दात बसवले, स्क्रू आवळले. शेजारच्या खोलीत कुणाचं तरी रक्त थांबेना म्हणून हाक आली. जाताना बिट्टीला म्हणाल्या, "तू चाव तपासून ठेव. मी आलेच."

खोलीत आम्ही दोघीच. बिट्टीनं माझ्या दातांमध्ये निळा कागद धरला; दात उंच असेल तर त्यावर खूण उमटते. "चाव, मावशी."

चावले. दात खालच्या दातांवर असे बसले की बसलेत हे कळू नये. कागदावर खूण उमटली नाही.

"उंच लागतो का?" तिनं विचारलं.

आमच्या कामात शेवटचा शब्द पेशंटचा असतो. कागद काही म्हणो, तोंडाला टोचलं तर टोचलं. मी म्हटलं, "हो. मधला."

तिनं दात उतरवले, मधल्याची पाठ घासली, चकाकी आणली, परत बसवले. कागद धरला. कोरा. "आता?"

"अजून लागतो."

परत उतरवले, परत घासले. तिच्या कपाळावर घाम आला होता. "आता गं?"

"हो."

चौथ्यांदा विचारलं तेव्हाही मी "हो"च म्हटलं, आणि या वेळी घासण्याचा आवाज बदलला. वरचा थर संपत आला की आवाज पातळ होतो, मला पाठ आहे. तिला अजून नसेल. मला तेव्हा थांबवता आलं असतं. मी छताकडे बघत पडून राहिले. मला तेच हवं होतं. तिच्या हातानं, तिचंच सगळ्यांत चांगलं काम.

तिनं दात उजेडाकडे धरला. पाठीला भोक पडून आतला धातू दिसत होता.  मी म्हणणार होते, "कळलं आता?" महिनोन्महिने हेच वाक्य घोटून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तेवढंच.

सर्जनबाई आल्या. "काय झालं?"

"माझं चुकलं," बिट्टी म्हणाली. "माप चुकलं होतं. उंच झाला होता. मी पुन्हा करते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला त्रास झाला ना मावशी? आठ दिवस दे मला."

मी तोंड उघडं ठेवून पडले होते. मान हलवली.

घरी येऊन तीन तास झाले. चार वेळा विचारलं तिनं. चारही वेळा कागद कोरा होता, आणि तो तिच्याच हातात होता.